पंधरा हजारांचा लोहारकाम संच: भट्टी घरी आणा, ऐरण दुकानातच राहू द्या

नाशिकमध्ये फॅब्रिकेशनवाल्यांकडून तयार होऊन हत्यारांच्या दुकानात येणारा हा संच लोहारकाम नव्याने शिकणाऱ्याला समोर ठेवून विकला जातो. त्यात पायांवर उभी चौकोनी भट्टी, विजेवर चालणारा दोन इंची ब्लोअर, २२ किलोची ऐरण, एक किलोचा हातोडा, तीन किलोचा घण, दोन सांडशा, एक छिन्नी आणि भोक पाडायचा एक पोगर येतो. किंमत १५,००० रुपयांच्या थोडी आत आहे. हा आकडा योगायोगाने आलेला दिसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत लोहार आहे आणि त्यात अवजारांसाठी मिळणारं ई-व्हाउचर नेमकं १५,००० रुपयांपर्यंतचं आहे.

संचातली भट्टी चांगली आहे, ब्लोअर चालण्यासारखा आहे आणि ऐरण टाकाऊ आहे. दुकानदार ऐरण वगळून द्यायला तयार असेल तरच सौदा करावा.

सुरुवात ऐरणीपासूनच करू, कारण पुढे पोटापाण्याचा हिशेब तिच्यावरच येऊन थांबतो. निळा रंग मारलेली, एका टोकाला निमुळतं शिंग असलेली ही ऐरण दिसायला झकास आहे, पण ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची आहे. बीड ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्धा किलोच्या हातोडीने वरच्या पृष्ठावर हलकं टिचकवा. पोलादी ऐरण 'टण्ण' वाजते, ही 'ठक्क' करते. दुसरी परीक्षा छर्ऱ्याची. बेअरिंगमधला २० मिमीचा छर्रा ३० सेंमीवरून सोडायचा आणि मागे पट्टी धरून तो किती उसळतो ते पाहायचं. चांगल्या ऐरणीवर तो २१ ते २५ सेंमी वर येतो. या ऐरणीवर मध्यभागी ९ सेंमी आला आणि कडेला ७. छर्रा जेवढा कमी उसळतो तेवढा प्रत्येक घावातला जोर ऐरणच गिळते. मग जे काम तीन तावांत, म्हणजे तीनदा तापवून, व्हायला हवं त्याला पाच लागतात. प्रत्येक जादा तावाबरोबर कोळसा जातो, वेळ जातो आणि लोखंडही जातं, कारण दर वेळी तापल्यावर वरची खपली सुटून खाली पडते. त्यात भर म्हणजे नवशिक्याचा घाव चुकणारच. तो कडेवर बसला की बिडाचा टवका उडतो. टवका उडालेल्या कडेवर पट्टी काटकोनात वाकवून बघा, कोपऱ्यात ती खाच छापून येते.

पर्याय नाशकातच आहे. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गोल शाफ्टचे कटपीस किलोवर मिळतात. १५० मिमी व्यासाचा, ३०० मिमी लांब ईएन ८ पोलादाचा तुकडा सुमारे ४१ किलो भरतो. तो उभा ठेवून वरचं तोंड सपाट घासून घ्यायचं. आडवा ठेवायचा नाही. घावाच्या थेट खाली जेवढं वजन असेल तेवढा घाव लागतो. शिंग नाही म्हणून अडत नाही, गोलाई काढायला जाड पाइपचा तुकडा शिकंज्यात धरला तरी पुरतं. फोर्जिंग कारखान्यातून बाद झालेला डाय ब्लॉक, म्हणजे साच्याचा पोलादी ठोकळा, मिळाला तर त्याहून बरं. १२५ मिमी चौरस आणि २५० मिमी उंचीचा ब्लॉक ३० किलोच्या वर जातो. ढोबळ माप असं की ऐरण हातोड्याच्या पन्नास पट जड असावी. शिकताना तीस-चाळीस पटीवर निभावतं, पण वीस-बावीस पट म्हणजे नाचणारी ऐरण.

रुळाचा तुकडा हा सगळ्यांना सुचणारा उपाय. तोही उभा रोवला तर उत्तम चालतो. मात्र पावतीशिवाय रूळ घ्यायचा नाही. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि भंगारवाल्याने 'काही होत नाही हो' म्हटल्याने तो कायदा बदलत नाही.

ऐरण बाभळीच्या ओंडक्यात बसवावी. सरळ उभं राहून हात खाली सोडून मूठ वळली की बोटांची पेरं ऐरणीच्या पृष्ठाला टेकली पाहिजेत. ती उंची बहुतेकांना ७५ सेंमीच्या आसपास येते. आपल्याकडचे जुने लोहार बसून काम करतात आणि त्यांची ऐरण जमिनीलगत असते. तीही पद्धत उत्तम आहे, पण या संचातली भट्टी ७० सेंमी उंच आहे. उभी भट्टी आणि बसकी ऐरण एकत्र ठेवली तर दर तावाला उठाबशा काढाव्या लागतात. दोन्हींत अंतर एका पावलाचं ठेवायचं. तीन मिमीची पात भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांतच काळवंडते.

आता भट्टी. ट्रे तीन मिमी पत्र्याचा, ४५ सेंमी चौरस, मध्ये दहा सेंमी खोल वाटी आणि खाली टी-जोड देऊन राख पाडायची झडप. ही खोली महत्त्वाची आहे. बाजारातल्या स्वस्त भट्ट्यांत वाटी पाच-सहा सेंमीचीच असते. तिथे वारा कोळशात पूर्ण जळायच्या आत लोखंडापर्यंत पोहोचतो आणि त्यातला उरलेला प्राणवायू लोखंडावर खपल्या धरतो. या भट्टीत वाटी भरून वर कोळशाचा ढीग केला की वाऱ्याच्या तोंडापासून १२ ते १५ सेंमीवर स्वच्छ आच मिळते. लोखंड तिथे आडवं ठेवायचं. टोक खाली खुपसायचं नाही. ही एक सवय लागली की निम्म्या तक्रारी मिटतात.

वाटीला आतून लेप दिलेला नाही, तो आपण द्यायचा. फायर क्ले एक भाग, चाळलेली वाळू दोन भाग आणि मुठीत वळेल एवढंच पाणी घालून २० मिमीचा थर लावायचा, सावलीत चार दिवस वाळवायचा आणि पहिल्या दिवशी फक्त मंद आच ठेवायची. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन लेपाचे पापुद्रे सुटतात. मग पत्रा उघडा पडतो आणि वाटीला भोक पडतं.

एक दोष मात्र गंभीर आहे. वाटीखालचा वाऱ्याचा पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, आणि वाटीलगतचा भाग तापतोच. तिथून पांढरा धूर निघाला तर तो जस्ताचा. बंद शेडमध्ये तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वरचा ३० सेंमीचा तुकडा काळ्या पाइपाचा मागून घ्यावा, विकणाऱ्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे. तो पाइप आपणच जाळून जस्त उडवू, असा शहाणपणा कोणी करू नये.

ब्लोअरला रेग्युलेटर जोडून दिला आहे आणि वारा त्यानेच कमी-जास्त करा असं सांगतात. त्याऐवजी पाइपात सरकती पत्र्याची झडप बसवावी. मोटर कार्बन ब्रशची आहे. कमी वेगावर सलग चार तास चालवली की तिच्या आवरणाला हात लावता येत नाही. झडपेने वारा रोखला तर मोटर पूर्ण वेगात फिरते आणि उलट कमी करंट खेचते, कारण अशा पंख्यावर जेवढी हवा कमी तेवढं ओझं कमी. झडपेने वारा बोटभर सरकवून नेमका साधता येतो. रेग्युलेटरने तो कधी एकदम कमी पडतो, कधी एकदम जास्त होतो. वारा जास्त झाला तर लोखंडातून पांढऱ्या चांदण्या उडतात. पोलादातून चांदण्या उडाल्या की ते टोक जळालं. ते कापून टाकायचं, ठोकून बरं होत नाही. वीज भरवशाची नसलेल्या गावात काम करणार असाल किंवा आठवडे बाजारात भट्टी लावणार असाल, तर हाताने फिरवायचा पंखाच घ्या. तोच विक्रेता तो बदलून देतो.

दगडी कोळसा वापरताना काम थांबवून ब्लोअर बंद केला की राखेची झडप लगेच उघडायची. ओल्या, ताज्या कोळशातला वायू उलट पाइपात उतरतो आणि पुढच्या वेळी पंखा लावताच फटका उडतो. ब्लोअरचा पंखा त्याने फुटू शकतो. संचासोबत दिलेल्या कागदावर याचा उल्लेखही नाही.

कोळसा कुठला? लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा शिकायला सोपा, कारण त्यात गंधक नगण्य असतं. पण तो पटापट संपतो. सुपारी ते अक्रोडाएवढे तुकडे करून भुकटी चाळून टाकायची. पावसाळ्यात दमट झाला तर तडतडून ठिणग्या डोळ्यांकडे येतात, म्हणून पोती फळीवर ठेवायची. वीटभट्टीवाल्याकडचा दगडी कोळसा स्वस्त पडतो, पण त्यात राख भरपूर. तासाभरात वाटीच्या तळाशी काचेसारखी कीट साचते आणि वारा अडतो. भट्टी पेटलेली दिसते पण लोखंड लालच्या पुढे जात नाही, अशी तक्रार आली तर ब्लोअरला दोष देण्याआधी आकड्याने तळ उकरून बघा. गंधकाचा कोळसा असेल तर तापलेलं लोखंड ठोकताना कडेने भेगाळतं.

हातोड्याचा दांडा पाइपाचा, वेल्ड केलेला. हा काढून धावड्याचा किंवा बाभळीचा घालायचा, नाहीतर पंधरा दिवसांत कोपर बोलायला लागेल. तोंडाच्या कडा धारदार आहेत आणि त्या लोखंडावर चंद्रकोरी उमटवतात. ग्राइंडरने कड दोन-तीन मिमी गोल करून पॉलिश पेपर मारावा. सांडशा ठीक, पण एका सांडशीचा जबडा एकाच जाडीला नीट धरतो. जबडा लाल करायचा, ज्या मापाचं काम आहे तोच तुकडा त्यात धरायचा आणि वरून ठोकून बसवायचा. छिन्नी आणि पोगर फार कडक पाणी दिलेले आहेत. थंड लोखंडावर दोन घावांत छिन्नीचं टोक उडालं.

विक्रेता संचाबरोबर एका दिवसाचं प्रात्यक्षिक देतो आणि त्यात थेट कोयता करून दाखवतो. बघायला छान, पण त्यातून हाताला काही येत नाही. १० किंवा १२ मिमीची साधी चौकोनी माईल्ड स्टीलची सळई घ्यावी. आधी टोक काढायचं, मग आकडा, मग कडी, मग टोक दाबून जाड करणं, असं चढत जायचं. बांधकामाची टीएमटी सळई शिकायला नको, तिचं बाहेरचं कवच कारखान्यातच थंड करून कडक केलेलं असतं आणि आतलं मिश्रण बॅचगणिक बदलतं. चौकोनी टोक काढताना दर दोन घावांना नेमकं नव्वद अंशांत फिरवायचं, नाहीतर त्याचा शंकरपाळा होतो. भट्टी सावलीत असावी. उन्हात नारिंगी ताव काळपट दिसतो आणि माणूस लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवत बसतो. एखाद्या गावाबाहेर घिसाड्यांचं पाल पडलेलं असेल तर तासभर नुसतं बघत बसावं. एकाने सांडशी फिरवायची आणि दुसऱ्याने घण टाकायचा, यातला ताल कुठल्याही प्रात्यक्षिकापेक्षा तिथे जास्त कळतो.

संचाची खरी परीक्षा खुरप्यावर होते, कारण नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या निंदणीला ते लागतंच लागतं. टेम्पोच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड, दहा सेंमी लांब तुकडा सुमारे २३५ ग्रॅम भरतो, एक खुरपं त्यात होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर पाटे बदलणाऱ्या गॅरेजांत असा माल किलोवर मिळतो. जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या तडा असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. पहिल्या तावात लाल पृष्ठावर काळी रेघ दिसली तर तो भाग कापून टाकायचा.

मुठीत जाणारी शेपटी आधी काढायची, पात नंतर. उलट केलं तर पातळ पात सांडशीत वाकते. पात दोन मिमीवर आणायची, ताव नारिंगी-पिवळ्यापर्यंत ठेवायचा आणि मंद लालवर ठोकणं थांबवायचं, कारण थंड होत आलेलं पाट्याचं लोखंड कडेला फाटतं. आकार झाल्यावर एकदा लाल करून राखेत न पुरता हवेतच थंड होऊ द्यायचं, म्हणजे ठोकण्याचा ताण निघतो. मग कानशीने धार, पण एक मिमी जाडी राखून.

पाणी देताना, म्हणजे तापलेली पात बुडवून कडक करताना, संचाची उणीव दिसते. त्यात तेलाचं भांडं नाही, आणि प्रात्यक्षिकात पाट्याचा कोयता सरळ बादलीतल्या पाण्यात बुडवतात. पाट्याचं पोलाद तेलात बुडवायचं आहे. पाण्यात घातलं की बारीक 'टच' असा आवाज येतो, तो तडा गेल्याचा. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाच लिटर खाद्यतेल घ्यावं आणि एक तापलेला तुकडा बुडवून ते हाताला चांगलं गरम लागेल एवढं करावं. गाडीचं जळकं तेल नको, त्याचा धूर घातक असतो. पात तापवताना तारेला बांधलेलं चुंबक लावत राहायचं. ७७० अंशांच्या आसपास ते चिकटायचं थांबतं. तिथून लालीची आणखी एक छटा वर न्यायची आणि धार खाली करून सरळ, न डगमगता तेलात उतरवायची. तिरपी गेली तर पात केळीच्या सालीसारखी वळते. बाहेर काढल्यावर कानस घसरली पाहिजे. चावली तर ताव कमी पडला.

या अवस्थेतलं खुरपं दगडाला लागलं तर काचेसारखं तुटतं. म्हणून पात घासून चकचकीत करायची आणि तिची पाठ लालबुंद जाड लोखंडाच्या तुकड्यावर टेकवायची. रंग पाठीकडून धारेकडे सरकत येतात. आधी फिकट गवती, मग तपकिरी, जांभळा, निळा. विळ्याच्या धारेला तपकिरी पुरतो. खुरप्याला जांभळा येऊन निळ्याची चाहूल लागली की लगेच तेलात. या वेळी फोन वाजला तर वाजू द्यावा, रंग काही सेकंदांत पुढे निघून जातो. संचातल्या टोक उडालेल्या छिन्नीचंही असंच पुन्हा करून घ्यावं, थंड लोखंड कापायला तिचं टोक जांभळ्या-निळ्यावर थांबवायचं.

पैशाचं बोलू. खुरपं ८० रुपयांना गेलं आणि लोखंड, कोळसा, मूठ मिळून ३० लागले असं धरा. हातात ५० उरतात. नवशिक्याला एका नगाला ४५ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला साधारण ६७ रुपये. हात बसून तेच १५ मिनिटांत झालं तर २००. या दोन आकड्यांमधलं बरंचसं अंतर ऐरण आणि तावांची संख्या ठरवते, म्हणून तिच्यावर एवढं लिहिलं. कोळशाचा खर्च अंदाजाने धरू नका. सकाळी आणि संध्याकाळी पोतं तोला आणि नगांनी भागा.

नव्या नगांपेक्षा शेवटण्याचं, म्हणजे झिजलेलं टोक पुन्हा ठोकून काढण्याचं काम आधी पैसे देतं. कुदळ, टिकाव, पहार शेवटायला लोखंड गिऱ्हाइकाचंच असतं आणि दोन तावांत काम उरकतं. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस वखराच्या आणि कोळप्याच्या पासा, म्हणजे पाती, येतात. भातकापणीच्या तोंडावर इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे विळे लागतात. द्राक्षवाल्यांच्या एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणीच्या कात्र्या कारखान्याच्या असतात, त्यात फार आशा नाही. गोदावरीच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात दहा खुरपी मांडून बघावीत. बायका पात नखाने टिचकवून आवाज ऐकतात आणि मगच मूठ बघतात. २०२७ च्या सिंहस्थात चिमटे आणि त्रिशूळ विकले जातील, पण तो एका हंगामाचा धंदा आहे.

व्हाउचरबद्दल दोन गोष्टी. योजना परंपरेने हाताने काम करणाऱ्या असंघटित कारागिरांसाठी आहे, वय किमान १८, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. छंद म्हणून शिकणाऱ्याने त्या हिशेबावर संच बुक करू नये. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं असून रोज ५०० रुपये भत्ता मिळतो. पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पहिल्या कर्जातून पॉवर हॅमरची स्वप्नं बघण्याआधी शिकंजा, ग्राइंडर आणि चिमणीचा पाइप घ्यावा, हे तिन्ही संचात नाहीत. सिडकोतल्या रो-हाउसमध्ये भट्टी लावणार असाल तर ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळा, म्हणजे आवाज निम्म्यावर येतो. शेजारी तरीही येतील, ते धुराबद्दल.

सौदा करताना बिलावर प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून मागा. एकगठ्ठा बिल असलं की ऐरण वगळल्यावर किती कमी करायचे यावर घासाघीस होते आणि विक्रेता 'ऐरण फुकटच दिलीय' म्हणून मोकळा होतो. मोटरला सहा महिन्यांची हमी आहे, पण ती कार्बन ब्रशला लागू नाही. ब्रशची एक जोडी त्याच दिवशी जास्तीची घ्या. माप वेगळं असल्याने ती इतर दुकानांत मिळत नाही.